सकाळी बंद होणारा आवाज

यांचा चेहरा पाहायच्या आधीपासून मी यांचा आवाज ओळखत होते. माझं माहेर समुद्रपूरचं. कॉलेजसाठी रोज वर्ध्याला यायची. संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट पाहत बसस्टँडवर बसलं, की भोंग्यातून एक आवाज यायचा, जाडसर आणि जराही घाई नसलेला. "हिंगणघाटमार्गे समुद्रपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." गाडीला उशीर असला तरी तो आवाज असं काही सांगायचा, की वाटावं, येईलच आता. आम्ही मुली त्याची नक्कल करायचो.

पुढे स्थळ आलं. मुलगा एसटीत वाहतूक नियंत्रक आहे, पिपरी मेघेला घर आहे, वडील नाहीत, आई आहे, एवढंच मला सांगितलं होतं. बैठकीत तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मी आत चहा गाळत होते. माझ्या काकांनी त्याला विचारलं, "ड्युटी कोठं राह्यते?" तो म्हणाला, "स्टँडवरच. चौकशीच्या खिडकीत." माझा हात थांबला. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेले ती हसू दाबतच गेले, आणि माझ्या आईला वाटलं पोरीला स्थळ फारच आवडलं. तिचं काही चुकलं नव्हतं.

भोंग्यावर हे शुद्ध बोलत आणि घरात पाय ठेवला की वऱ्हाडी. "माय, चा झाला का?" हे त्यांचं घरात शिरतानाचं वाक्य. सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या आतून म्हणत, "झाला बाप्पा, ये." आत्याबाईंना काचबिंदू. माझ्या लग्नाच्या वेळी त्यांना सावल्या तरी दिसायच्या. नंतर तेही गेलं. पण यांच्या आवाजावरून त्यांना सगळं समजायचं. आज गर्दी होती, आज साहेब ओरडला, आज पोटात काही नाही. "जेवला नाईस ना तू?" त्या म्हणायच्या. हे माझ्याकडे पाहून डोळे मिचकवायचे. आम्हाला मूल झालं नाही. घरात आम्ही तिघंच.

मग यांचा आवाज बसला. आधी वाटलं, भोंग्यावर ओरडून ओरडून बसला असेल. हळदीचं दूध झालं, ज्येष्ठमध झालं, गावातल्या डॉक्टरच्या गोळ्या झाल्या. आवाज बसलेला तो बसलेलाच. नागपूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ असल्याचं सांगितलं. जो भेटायला येई तो आधी विचारी, "खर्रा खात होते काय?" यांनी उभ्या जन्मात खर्ऱ्याची सुपारी-तंबाखू चघळली नव्हती, बिडी ओढली नव्हती. पण प्रत्येकाला ते सांगावं लागायचं, जणू आम्ही कुठल्या तरी कोर्टात उभे होतो.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. मग बोलता येणार नाही. श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल. यांनी विचारलं, "आणि नाई काढलं तर?" डॉक्टरांनी रिपोर्ट मिटून ठेवला. हे म्हणाले, "मंग काढा."

ऑपरेशनसाठी निघण्याआधी हे शेवटचे ड्युटीवर गेले. घोगऱ्या आवाजामुळे माइक त्यांच्याकडे नव्हताच, पण त्या दिवशी सोबत्यांनी त्यांना खिडकीत बसवलं. मी मुद्दाम जाऊन बाकावर बसले. मला वाटत होतं, हे आज काहीतरी वेगळं म्हणतील. काही म्हणाले नाहीत. कारंज्याची गाडी लागली, आर्वीची सुटली, पुलगावची उशिरा येणार आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी. फाटक्या, खरखरत्या आवाजात सगळ्या गाड्या सांगून झाल्या, आणि हे माइक बंद करून बाहेर आले. "चाल," म्हणाले. मी घरी येईपर्यंत रडले नाही.

ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणत होते. हे घरी आले. गळ्याला पांढरी जाळी, हातात पाटी-लेखणी. माझ्याशी पाटीवर बोलत. मला वाचता येत होतं, त्यामुळे आमचं दोघांचं कसंबसं भागत होतं. पण आत्याबाईंना पाटीचा काय उपयोग? दिसत असतं तरी त्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्यासाठी त्यांचा मुलगा घरात येऊनही आलाच नव्हता. त्या खाटेवरून हाक मारायच्या, "बाबू, आहेस का रे?" हे उठून जायचे, त्यांचा हात हातात घ्यायचे. त्या तो हात चाचपून म्हणायच्या, "हात तं त्याचाच हाय." 

गळ्याला लावायचं एक यंत्र आणून पाहिलं. ऑपरेशननंतरच्या किरणोपचारांनी कातडी टणक झाली होती, त्यातून नुसता गुणगुणल्यासारखा आवाज निघायचा. बोलता यावं म्हणून गळ्यात नळी बसवायचाही प्रयत्न झाला. त्यात पू झाला, ती काढावी लागली. फोनवर बोलून दाखवणारं काही मिळतं का, तेही पाहिलं. पण यांची बोटं जाड, बारीक अक्षरांवर नेम लागायचा नाही, आणि मग हे फोन गादीवर आपटून द्यायचे.

मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिथे एक जुना लॅपटॉप अडगळीत पडला होता, इतका मंद की मुलं त्याला हात लावत नसत. सरांना विचारून मी तो घरी आणला, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, कारण त्या म्हाताऱ्या मशीनवर दुसरं काही चालत नव्हतं. आणि त्यात लिहिलेलं मराठी वाचून दाखवणारा एक छोटा प्रोग्राम बसवला. मराठी की-बोर्डची यांना ऑफिसमधून सवय होती. दोन बोटांनी का होईना, टाइप करत. एंटर दाबलं की मशीन बोलायचं.

यांनी पहिलं वाक्य काय टाइप करावं? "माय, चा झाला का?"

आवाज पत्र्यासारखा होता. चढ नाही, उतार नाही. 'माय' आणि 'चा' दोन्ही सारखंच. आत्याबाई खाटेवर ताठ बसल्या.

"हा कोन बोलून राह्यला वं?"

"हेच आहेत, आत्याबाई. मशीन यांचं लिहिलेलं बोलते."

"माह्या पोराचा आवाज नाई हा."

"आवाज मशीनचा आहे. शब्द यांचे आहेत."

त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. हे लॅपटॉपसमोर बसून राहिले. मी स्वयंपाकघरात गेले, कारण तिथे भांडी होती आणि भांड्यांचा आवाज करता येत होता.

दोन-चार दिवसांत आत्याबाई आपणहून वळल्या. सकाळी मी कणीक मळत होते, तर मागून ऐकलं, "अरे ए मशीन, माह्या पोराले विचार, त्याले रात्री झोप लागली का." थोडा वेळ खटखट झाली. मशीन म्हणालं, "लागली माय. तुले?" आत्याबाई म्हणाल्या, "मलेबी." मग त्यांचं सुरूच झालं. मशीनला वऱ्हाडी नीट यायचं नाही, 'काऊन'चा, म्हणजे 'का बरं'चा, उच्चार असा करायचं की आत्याबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. हे मुद्दाम प्रत्येक वाक्यात काऊन घालायला लागले. ऑपरेशननंतर घरात पहिल्यांदा हसू आलं ते असं.

अडचण एकच होती. लॅपटॉपची बॅटरी मेलेली. वीज गेली की मशीन झटक्यात बंद. आणि पुन्हा सुरू केलं की आवाज नाही. नुसता कमी झालेला नाही, पूर्ण बंद. की-बोर्डवरचं आवाजाचं बटण दाबून काही व्हायचं नाही, कारण बंद झालेलं असायचं ते आतलं. मला एक काळी खिडकी उघडावी लागायची. त्यात उभे खांब दिसत, प्रत्येक खांब म्हणजे एकेक आवाज. एक मुख्य, एक स्पीकरचा, एक हेडफोनचा. बंद असलेल्या खांबाच्या पायाशी एम एम अशी अक्षरं दिसायची. ती काढायची, खांब बाणाच्या बटणाने वर चढवायचा, मग स्पीकरचा चढवायचा, की मशीनला कंठ फुटायचा. रोज सकाळी चहा ठेवायच्या आधी मी हे करायची. कामातलंच एक काम झालं होतं ते. अंगण झाडायचं, पाणी भरायचं, यांचा आवाज उघडायचा.

मग एकदा माझ्या भावाची तब्येत बिघडली आणि मला पहाटेच्या गाडीने समुद्रपूरला जावं लागलं. आवाज उघडून, चालू आहे ना ते पाहून निघाले. मी गेल्यावर वीज गेली आणि आली. पुढचं मला नंतर कळलं, थोडं आत्याबाईंकडून, थोडं पाटीवरून.

आत्याबाई उठल्या आणि त्यांनी हाक मारली. हे पलीकडच्या खोलीत मशीनसमोर होते. यांनी उत्तर टाइप केलं. आवाज नाही. पुन्हा एंटर दाबलं. आवाज नाही. आत्याबाईंनी पुन्हा हाक मारली. यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. मी उघडते ती काळी खिडकी यांनी पाहिलेली होती, पण ती कशी उघडते ते यांना आठवेना. तोवर आत्याबाई ओरडायला लागल्या होत्या. गळ्याच्या छिद्रात कफ अडकला की श्वास कोंडतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांना वाटलं, तेच झालं. त्या उठल्या, चाचपडत निघाल्या, दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, आणि तशाच टेबलापाशी पोचल्या. यांच्या तोंडावरून हात फिरवला तर गाल ओले.

"अरे, मंग आला काऊन नाईस रे माह्याकडे?" त्या म्हणाल्या.

मी संध्याकाळी आले तेव्हा आत्याबाईंच्या कपाळावर हळद होती. मीही यांना तेच विचारलं. चार पावलांवर होती माय, उठून गेला का नाहीत? यांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "मले बोलायचं होतं."

दुसऱ्या दिवशी मी क्लासला सुट्टी टाकली आणि मशीन घेऊन बसले. मी शिकवते ते टायपिंग आणि हिशेबाचे तक्ते. लिनक्सच्या पोटात काय असतं ते मला फारसं येत नव्हतं. इंटरनेटवर शोधत गेले. लोकांनी लिहून ठेवलेलं असतं, बहुतेक इंग्रजीत, कुठल्या तरी लांबच्या देशातल्या कुणाला तरी हीच अडचण आलेली असते. तिथून मला कळलं, की आवाज उघडणं वेगळं आणि उघडलेला आवाज मशीनला लक्षात ठेवायला लावणं वेगळं. मशीन नीट बंद केलं तर जाता जाता ते आवाजाची स्थिती एका फाइलमध्ये लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच वाचतं. आमचं मशीन कधी नीट बंद व्हायचंच नाही. वीज जायची आणि ते पडायचं. त्यामुळे ते दर वेळी कुठली तरी जुनी, मुकी स्थिती वाचत होतं.

खांब सगळे चढवले आणि ती स्थिती तिथल्या तिथे जपून ठेवायला सांगणारी एक ओळ लिहिली, sudo alsactl store. पासवर्ड दिला. काहीच झालं नाही. एक शब्दही पडद्यावर आला नाही. मला वाटलं चुकलं. नंतर वाचलं, की काही न बोलणं म्हणजेच काम झालं.

हे बाजूच्या खुर्चीत बसून होते. मी मशीनचा प्लग उपटला आणि पुन्हा लावला. सुरू झालं. यांनी टाइप केलं. आवाज नाही.

यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहत राहिले. ते मला फार लागलं.

पुन्हा शोधलं. दुपारी कुठेतरी सापडलं, की त्या फाइलवर विसंबून भागत नाही. मशीन सुरू होऊन पडदा दिसला की आवाजाचा आणखी एक कारभारी, म्हणजे आतला दुसरा प्रोग्राम, जागा होतो, आणि त्याची आठवण वेगळी असते. पहिल्याने उघडलेलं दार दुसरा येऊन बंद करत होता. मग मी दोन ओळींचा एक छोटा हुकूम लिहून ठेवला, की तो कारभारी जागा झाल्यावर, सगळ्यात शेवटी, मुख्य आवाज उघड आणि स्पीकर वर ने. आणि तो हुकूम मशीन सुरू झालं की आपोआप चालेल असा लावला.

पुन्हा प्लग उपटला. पुन्हा लावला. मशीन फार वेळ घेत होतं. आत्याबाई दारात येऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. "झालं का वं?" मी म्हटलं, थांबा. यांनी टाइप केलं. मशीन इतक्या जोरात बोललं की आम्ही तिघंही दचकलो. "माय, कपाळ दुखते काय?"

"नाई बाप्पा," आत्याबाई म्हणाल्या. "आता नाई दुखत."

मी यांना विचारलं, मशीन सुरू झाल्याबरोबर आपणहून काही बोलेल असं करू का, म्हणजे आवाज उघडा आहे हे कळेल. राम राम म्हणेल. यांनी टाइप केलं, "नको. आधी मायनं हाक माराची. मंग मी." मशीनने ते त्याच्या सपाट आवाजात वाचून दाखवलं. आत्याबाईंनी मान हलवली. मग तसंच ठेवलं.

त्यानंतरच्या सकाळी मला फार आवडत. मी अंगणात असायची आणि आतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं. एक म्हातारा, जिवंत आवाज, मध्ये थोडी शांतता, मग एक पत्र्याचा आवाज. आत्याबाई यांना लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, कुठल्या विहिरीत पडला होतास, कुणाच्या बोरी चोरल्यास. हे विचारायचे, "मंग?" दुसरं काही नाही, नुसतं मंग. वीज जायची, यायची. आवाज आपोआप उघडायचा.

पुढच्या उन्हाळ्यात गाठ परत आली. या वेळी मानेत आणि फुप्फुसात. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आणि मी आत गेले तर यांनी माझा चेहरा पाहून डोळे मिटले. घरी आल्यावर हे आत्याबाईंना म्हणाले, "सर्दी झाली, माय." मशीनच्या आवाजात खोटं पकडता येत नाही. आत्याबाईंनी "काढा घे" म्हणून सांगितलं.

शेवटचे दिवस नागपूरच्या दवाखान्यात गेले. अतिदक्षता विभागात लॅपटॉप नेऊ देत नव्हते, आणि नेला असता तरी बोटांत जोर राहिला नव्हता. लेखणीही धरवत नव्हती. आत्याबाई घरी शेजारणीच्या सोबतीने होत्या. मला थोडा वेळ आत सोडत. एका दुपारी यांनी माझा हात ओढला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने काहीतरी लिहिलं. मला समजलं नाही. मी मान हलवून म्हटलं, पुन्हा लिहा. पुन्हा लिहिलं. एक उभी रेघ, एक वळण, मग बोट घसरलं. परिचारिका म्हणाली, ताई, वेळ झाली. मी म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे गेले.

तेरवी झाली, पाहुणे गेले. घरात आम्ही दोघी. पुष्कळ दिवस लॅपटॉप झाकून ठेवला होता. एका संध्याकाळी आत्याबाई म्हणाल्या, "पोरी, ते मशीन सुरू कर ना वं."

"कशाले आत्याबाई?"

"मले मालूम हाय तो नाई. मी काई पागल नाई. एक डाव आयकतो, बस."

मी सुरू केलं. आवाज उघडाच होता. मी टाइप केलं, "माय, चा झाला का?" मशीन तसंच बोललं, शब्दाला शब्द, तोच पत्रा. आत्याबाई मान कलती करून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "नाई. तो थांबून थांबून खटखट करे. एक बोट, मंग लय वेळानं दुसरं. तू भरभर करतं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तेच आयकत होतो. मशीनचं कोन आयकते."

मी झाकण लावलं. त्या म्हणाल्या, "शेवटी काय मनला वं तो? तू तं होतीस."

हे त्यांनी याआधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्यांना काहीतरी गोड सांगता आलं असतं. तुमचं नाव घेतलं, तुमची आठवण काढली. पण मशीनपुढे बसून ज्या बाईने आत्ता माझं बोट ओळखलं, तिला ते सांगवेना.

"हातावर लिवलं, आत्याबाई. मले समजलं नाई. दोनदा लिवलं. दोन्ही डाव नाई समजलं."

 खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली. मी बसले. त्यांनी आपला तळवा उघडून माझ्यापुढे धरला.

"कसं लिवलं ते दाखव."

"तुमाले वाचता नाई येत, आत्याबाई."

"तुले तरी कुठं वाचता आलं?" त्या म्हणाल्या. "दाखव."

मी त्यांचा तळवा हातात घेतला. आठवेल तेवढं लिहिलं. उभी रेघ, वळण, आणि बोट घसरलं ती जागा. त्या म्हणाल्या, पुन्हा. मी पुन्हा लिहिलं. मग त्यांनी मूठ मिटली आणि ती मूठ दुसऱ्या हाताने धरून बसल्या. दिवेलागण झाली होती. दिवा लावायला मी उठले नाही.